तीस गुंठे

विट्याच्या दुय्यम निबंधक कचेरीत
माझा अंगठा उमटेना.
मशीनवरचा पोरगा म्हणाला, पदराला पुसा मावशी.
पुसला. फुंकर घातली. परत ठेवला.
काचेखालचा हिरवा दिवा
अनोळखी बाईकडं बघावं तसा बघत राहिला.
पंचवीस वर्षं पलूसला द्राक्षांची विरळणी केली,
घड बुडवले औषधात.
रेघा कुठल्या हंगामात गेल्या, ठाऊक नाही.

छबूचा उमटला पहिल्या झटक्यात.
साडी घेतली, मिरजेची गाडी होती तिची, गेली.
साड्या दोनच आणलेल्या अधिकनं,
एकाच रंगाच्या, भांडण नको म्हणून.
आईला नाही. आईला कशाला?

अधिक म्हणजे आमचा भाऊ.
धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून ते नाव,
त्यात कुणाचा दोष नाही.
सेलमला गलाईची भट्टी आहे त्याची,
दोन दिवस कामगारावर सोडून आलेला.

दादांच्या नावावर एक हेक्टर वीस आर.
नुसतं माळरान, कुसळं.
तेव्हा कुणी वाटणी काढली नाही,
दगड वेचायला मात्र आम्ही तिघं सारखे.
मग टेंभूचं पाणी आलं
आणि पाण्यामागनं कागद.

कागद मी वाचला.
सातवी झालेय, लिहिणाऱ्याला वाटलं नव्हतं.
"नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीने, विनामोबदला,
कोणाच्याही दडपणाशिवाय."
रडू नाही आलं. मी ठरवूनच आलेले.
दिवाळीला एक दार उघडं पाहिजे,
त्याची किंमत असते, ती मला घरातनं निघतानाच माहीत होती.

पण पान दोनवर,
लिहून देणार क्रमांक एक :
हौसाबाई, मयताची पत्नी, वय त्र्याहत्तर, धंदा घरकाम.
मी क्रमांक दोन.

आई बाकावर बसून
भिंतीवरच्या पंख्याकडं बघत होती.
तिला सांगितलेलं, पोरींच्या सह्या हायत, नुसती चल.

"आई, तुझंबी नाव हाय ह्यात."
"असंल की. तुझ्या बाचं आलं की माझं येतंच."
"तसं न्हवं. तू सोडतीयास."
"काय सोडतीया?"

अधिक आत आला.
"अक्का, ती माझ्याकडंच असती. तिला कागदाचं काय?"
खोटं नव्हतं ते.
दूध, गोळ्या, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं वेळच्या वेळी.
फक्त 'माझ्याकडं' म्हणताना त्यानं हात केला
तो बाजारात दावणीकडं करतात तसला.
त्यालाही कळलं असावं.
हात त्यानं खिशात घातला.

तेवढ्यात सर्व्हर गेला.
पोरगा म्हणाला, आता उद्या.
आईची पाळी राहिली, माझी अर्धी.

लेंगऱ्याच्या गाडीत आई खिडकीशी.
अधिक पुढं, ड्रायव्हरमागं, फोनवर, तमिळमध्ये.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"केवढा गं माझा?"
"तीस गुंठे."
"म्हंजी हिरीपासनं बाभळीपतोर?"
"त्याच्याबी पुढं. वगळीपतोर."
ओठ हलत होते तिचे. मोजत होती.
"धा शेरडं बसत्यात," म्हणाली,
आणि मग, थोड्या वेळानं,
"बाभूळ मीच राखलीया ती."

उतरताना अधिकनं हात पुढं केला,
"आधार कार्ड दे इकडं, सकाळी लागंल, हरवशील."
तिचं कार्ड, पासबुक, रेशनचा कागद
त्याच्याच पाकिटात असायचं, वर्षानुवर्षं.
आज मशीनसाठी तेवढं तिच्या हातात आलेलं.

आईनं ते उलटंसुलटं केलं.
फोटोतल्या बाईकडं बघितलं,
आणि चोळीत खोचलं.
"राहू दे," म्हणाली. "माझं हाय न्हवं?"

उरलेल्या साडीची पिशवी सीटवरच राहिली.
कंडक्टरनं मागनं हाक मारली,
कुणाची हो ही?
आम्ही तिघं खाली धुळीत उभे.
लगेच कुणी वळलं नाही.